पुकारा

बावीस वर्षं या दाराशी काळा झगा घालून
मी नावं पुकारते,
आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत.
नाव घेतलं की बाकावरून कुणीतरी उठतं,
च्युइंगगम गिळतं,
कडेवरचं मूल शेजारणीकडे देतं,
निदान दचकतं तरी.

आज पुकारलं,
"ग्लानहेली रिक्लेम लिमिटेड."
कुणी दचकलं नाही.
दुसऱ्यांदा पुकारलं.
तिसऱ्यांदा खिडकीपाशी कॉफी पिणाऱ्या वकिलानं
हात वर केला:
"मी. म्हणजे मी नव्हे,
त्यांच्यातर्फे."

आत आरोपीचा पिंजरा रिकामा.
काचेवर आदल्या कुणाच्या तरी कपाळाचा तेलकट डाग.
जजबाई त्या डागाकडे बघून निकाल वाचत होत्या.

परवाना लाकडाचा भुसा ठेवण्याचा.
ठेवली अकराशे चाळीस पिंपं,
बंद पडलेल्या वीटभट्टीच्या शेडमध्ये,
एकावर एक, तीन थर,
तळची पार दबून पोट सुटलेली.
लेबलं एकावरही नाहीत.

ती इडवल प्रॉबर्टनं खरवडली,
फोर्कलिफ्ट चालवायचा तो.
मागच्या तारखेला सांगून गेला,
"लेबलामागे दहा पेन्स, बाई. पत्र्याच्या तुकड्यानं.
हातमोजे एकच जोडी होती, ती रात्रपाळीकडे."
आता त्याची बोटं इतकी गुळगुळीत झालीत
की नव्या नोकरीतलं हजेरीचं यंत्र
त्याला ओळखतच नाही.
शपथेला त्यानं तोच हात वर केला होता.

दंड दोन लाख दहा हजार पौंड.
अठ्ठावीस दिवसांत.
वकील उठला. खात्यात शिल्लक तीनशे बारा.
पत्ता म्हणाल तर कार्डिफमध्ये लाँड्रीच्या वर
एक टपालपेटी.
संचालक सध्या दुसऱ्या कंपनीत आहेत,
तीही याच व्यवसायात.

"आणि पिंपं?" जजबाईंनी विचारलं.
वकिलानं कागद चाळले,
पुढून मागे, मग मागून पुढे.
मला उगाच वाटलं, आता मी पुकारायला हवं.
पण कुणाला?
जिला आई नाही, गुडघे नाहीत,
कपाळ नाही काचेला टेकायला,
तिला शिक्षा सुनावली
आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो.

संध्याकाळी घरी जाताना
बसथांब्यावर चाळीस मिनिटं काढावी लागतात,
थांबा नेमका त्या शेडसमोर.
कुंपणाला नवं कुलूप, खाली ओढ्याला तोच जुना वास.
गारवा उतरू लागला तसा
आत कुठेतरी पत्रा आकसला,
टण्.
मग दुसरा. जरा वेळानं, लांबून, तिसरा.
कुणी नाव घेतलेलं नसताना.

मी मोजत राहिले.
सतरापर्यंत ऐकले.
मग बस आली.