गॅप सर्टिफिकेट

किल्ला कोर्टासमोर, निळ्या ताडपत्रीखाली
टायपिस्ट म्हणाला, "शंभरचा बंद झाला, ताई. पाचशेचा लागतो."
एका वर्षाला पाचशे.
त्यातल्या सहा दिवसांचे वेगळे काही नाही.

मी, कुमारी जुईली प्रमोद धुरी, वय वर्षे एकोणीस,
राहणार ताडवाडी, माझगाव,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की –
इथपर्यंत त्याची बोटं आपोआप धावतात.
मग थांबला. "बोला, वर्षभर काय केलं?"

जुईलीनं माझ्याकडे पाहिलं.
मी उसाच्या चरकाकडे.

काय केलं.
जून ते जानेवारी भिंतीकडे तोंड करून झोपली.
ताट ठेवलं की ताट तसंच.
कुंदावहिनी विचारायच्या, कुठल्या कॉलेजात?
मी सांगायचे, फॉर्म भरलाय.
डॉक्टरांच्या गोळ्यांनी गुण आला; अर्धा.
मग एका रात्री ह्यांनी फीची एफडी मोडली,
मला न विचारता,
आणि म्हणाले, लिस्बन.
का लिस्बन? तर तिथं अजून ट्राम चालते.
ह्यांचे वडील ट्रामवर कंडक्टर.
चौसष्ट साली ट्राम बंद झाली, ते बसवर गेले,
पण झोपेत हात जुन्याच घंटीकडे जायचा म्हणे.

मुलीला बरं करायला
माणसानं असला विचार करावा?
मी भांडले. स्वेटर घेताना क्रॉफर्ड मार्केटातही भांडले.

तिकडे पाहिलं ते सगळं फोटोत आहे:
चर्च, किल्ला, पुन्हा चर्च, नदीवरचा पूल,
आणि प्रत्येक फोटोत जुईली,
कुठून तरी कापून आणून चिकटवल्यासारखी.

फोटोत नाही ते असं, की
पहिल्या संध्याकाळी, चढावरच्या त्या अरुंद घरात
मालकीणबाईनं माझ्या बोटात किल्ली अडकवली
आणि म्हणाली, "शाव."
मी म्हणाले, "चावी?"
"शाव."
"अहो, चावीच ना!"
ती मान हलवते, मी मान हलवते,
दोघी एकमेकींना एकच शब्द ठासून शिकवतोय
आणि मागे जिन्यात, बॅगेवर बसलेली जुईली
हसली.
मोठ्यानं नाही. नाकातून.
शिंक दाबावी तसं.
ह्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला
की तो चार दिवस काळानिळा होता.

दुसऱ्या दिवशी गल्लीत निखाऱ्यांवर तारल्या भाजत होते.
सोबत बटाटा; वेटरही बटाटाच म्हणाला.
तिनं सहा तारल्या खाल्ल्या.
सहाव्यानंतर मी मोजणं सोडलं,
आईचीच नजर आधी लागते.
ट्राममध्ये हे बसले नाहीत.
पितळी दांडा धरून तीनदा वर, तीनदा खाली,
घंटी वाजली की डोळे मिटायचे.

"ताई? वर्षभर?"
"काही नाही," जुईली म्हणाली. "तसंच लिहा."
त्यानं लिहिलं:
सदर कालावधीत मी कोठेही प्रवेश घेतला नाही,
कोठेही नोकरी केली नाही,
घरीच होते.
मजकूर खोटा आढळल्यास शिक्षेस पात्र राहीन.

तिनं सही केली, पेन न उचलता.
वर लाल शिक्का.
समासात केवढी जागा होती कोरी,
सहा तारल्या मावल्या असत्या.

टॅक्सी. ताडवाडी. तिसरा मजला.
माझ्या आधी ती दाराशी,
मागे न बघताच तळवा पुढे केला:
"शाव."

दिली.
आमचं कुलूप हट्टी आहे.
खांद्यानं दार जरा वर उचलून धरावं लागतं,
तेव्हा फिरतं.
तिला माहीत आहे.