शेरा

पाणीखात्याची बिलं सत्तावीस तारखेला रात्री निघतात.
एक स्क्रिप्ट उठते, चोवीस पोरं सोडते,
एकेका वॉर्डाला एकेक:
ए, बी, सी, डी,
जी उत्तर, के पूर्व, पी दक्षिण.
पोरं आकडे मोजतात, पाइपातून वर पाठवतात,
वर आई वाचते नि प्रिंटरकडे सरकवते.
मी फक्त बसायचं असतं, वरळीत, तिसऱ्या मजल्यावर,
एसीखाली शाल घेऊन.

त्या रात्री तेवीस परतली.
एम पूर्व परतलं नाही.
गोवंडी, मानखुर्द, चीता कॅम्प.

मेलं नव्हतं. मेलेलं पोर यादीत दिसतं,
मुठीत शून्य किंवा एक घट्ट धरून,
कुणीतरी विचारील म्हणून थांबलेलं.
हे जिवंत होतं. खात नव्हतं, मोजत नव्हतं,
नुसतं उभं.
आईपण उभी.

मी स्क्रिप्ट उघडली. मस्करेन्हस साहेबांची.
ते आता वसईला कोंबड्या पाळतात.
प्रत्येक पोराला त्यांनी दोन पाइप दिले होते,
एक उत्तरांचा, एक चुकांचा.
उत्तरांचा आई वाचायची.
चुकांच्या पाइपाशेजारी टीप होती:
सध्या वाचत नाही, नंतर बघू.
तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

पाइपाला पोट असतं. चौसष्ट किलोबाइट.
कलांचा आकडा, पण इथे मावतात तक्रारी.
मग मावत नाहीत.
भरला की लिहिणारा थांबतो,
वाक्याच्या मध्यात, शब्दाच्याही,
कुणी उपसेपर्यंत.

तर बारा चाळीसपासून असं चाललं होतं:
आई म्हणते, आधी संपव, मग बघते.
पोर म्हणतं, आधी बघ, मग संपवतो.
आमच्या घरी माझं नि पप्पांचं
असं दोन वर्षं चाललं. ते असो.

एम पूर्वला मी मारलं, आईला दुसरा कान लावला.
फार नाही, आठ ओळी:
दोन्ही पाइप एकदमच ऐकायचे,
आणि ओळीआधी लिहायचं ती कुणाची,
नाहीतर चोवीस तोंडं एकत्र सुटली की
मुलुंडचं वाक्य कुलाब्यात संपतं.
पोर पुन्हा सोडलं.

चूक. ओळ चारशे अठरा. अनोळखी अक्षर.
चूक. ओळ चारशे एकोणीस. अनोळखी अक्षर.

अनोळखी म्हणजे देवनागरी.
शेऱ्याच्या रकान्यात बाकीचे वॉर्ड ओके लिहितात,
इंग्रजीत, किंवा काहीच नाही.
एम पूर्वला या महिन्यात नव्या रीडर आल्यात,
प्रज्ञा खरटमोल.
त्या मराठीत लिहितात, आख्खी वाक्यं, पूर्णविरामासकट.
आणि मशीन चूक फेकताना ओळही फेकतं:

एक पाइप, तीन घरं. बिल एकालाच.
नाव वारलेल्या माणसाचं. मुलगा भरतो, बदलून द्या म्हणतो.
मीटर उलटा फिरतो. मी दोनदा पाहिलं.
कुत्रं आहे पण चावत नाही, पुढच्या रीडरने घाबरू नये.
पाणी रात्री तीनला येतं. बाई जाग्या असतात.
खरं रीडिंग हवं तर तेव्हा या.

एक हजार नऊशे बारा ओळी.
त्यांच्या आधी कुणी दोनचार लिहिलीही असतील.
ती पाइपात मावली असतील,
आणि पोर गेलं की पाइपाबरोबर गेली असतील,
बिलं मात्र वेळेवर.

पोर परतलं. मूठ उघडून पाहिली: एक.
फाइल बंद करायची तर नाव मागत होती.
मला सुचेना.
भिंतीवर तीन वाजून दहा.
म्हणजे तिकडे आलं असेल.