बिडाचं टेबल

हॅलिफॅक्सला चढ संपत नाही.
भाड्याची व्हॅन कण्हत कण्हत
मेव्हिस हॉलरॉइड यांच्या गल्लीत पोचली तेव्हा
त्या दारातच होत्या, हातात शेडची किल्ली.
"आधी चहा, मग लोखंड."

लोखंड नाही, बीड.
मी मनातल्या मनात दुरुस्ती केली.
उद्यमनगरात वाढलेल्या मुलीला
बीड म्हटल्यावर जिल्हा आठवत नाही,
आठवतो फाउंड्रीतल्या काळ्या वाळूचा वास
आणि बाबांचा आवाज:
लांब उभी राहा, ओढणी अडकेल.

शेडमध्ये ते उभं होतं,
माझ्याहून हातभर उंच,
अंगावर हिरव्याचे तीन थर, खाली राखाडी.
पितळी पाटी पुसून पुसून इतकी गुळगुळीत
की सालाचे आकडे बोटानं चाचपावे लागले,
आणि शेवटचा तरीही लागलाच नाही.
तीन पायऱ्यांची पुली. चामडी पट्टा,
पायाला सरावलेल्या वहाणेसारखा वळलेला.
स्पिंडल धरून हलवून पाहिलं.
केसभरही खेळ नाही.

मी का हसतेय ते सुधन्वाला कळेना.
तो पाच मणांचा हिशेब करत होता
आणि दाराबाहेरच्या ओल्या पायऱ्यांचा.

टेबलाला भोकं होती,
नसावीत तिथे.
कुणी खाली लाकूड न ठेवता दाबलेलं,
कुणाचे कान रेडिओवरच्या फुटबॉलकडे,
कुणी पहिल्याच आठवड्यातलं शिकाऊ पोरगं.
अर्धेमुर्धे खड्डे, देवीच्या व्रणांसारखे.
मेव्हिसबाईंनी एकावर नख टेकवलं.
"हे माझं."

"क्लिफर्ड हात लावू द्यायचा नाही.
केस अडकतील म्हणायचा.
एका मंगळवारी तो दात काढायला गेला.
मी डोक्याला रुमाल बांधला,
बटण दाबलं, हँडल ओढलं,
थेट टेबलात."

मग?

"मग काय. आला, बघितलं.
गाल सुजलेला, बोलता येत नव्हतं
ते एक बरं झालं.
नंतर पंचेचाळीस वर्षं
येईल त्याला हे भोक दाखवायचा.
बघा, म्हणायचा, बायकोचा नेम. अगदी मधोमध."
कौतुक होतं की टोमणा
ते त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

हडर्सफील्डला, आमच्या गॅरेजात
बटण दाबलं तर नुसतं गुरगुरलं.
मोटर थ्री फेजची, घराला एकच फेज.
उद्यमनगरात फेज गेली
की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची,
बाबा पायरीवर बसून तंबाखू मळायचे
आणि माझ्याशी बोलायचे, तेवढाच वेळ.

मग अकरा रविवार.
रॉकेल, पितळी ब्रश, कानस,
नखांत मुरलेलं वंगण
(सोमवारी चष्म्याच्या दुकानात
गिऱ्हाईक माझ्या बोटांकडे बघायचं),
शेवटी कुणाकडून तरी अर्ध्या किमतीत कन्व्हर्टर.
सुधन्वा म्हणाला, भोकं वेल्डिंगनं भरून घे,
टेबल नव्यासारखं होईल.
म्हटलं, बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही.
हे खरं आहे,
आणि कारण हे नाही.

बाराव्या रविवारी केस घट्ट बांधले.
खाली लाकूड ठेवलं, दोनदा तपासलं.
पट्टीवर पंचाची खूण, तीवर टोक,
आणि हँडल उतरत गेलं
तसा निळसर कीस वेटोळं घेत वर आला,
गरम, अखंड.
बाबांना फोन करायला आता नंबर नाही.

मेव्हिसबाईंना लावला.
काही न बोलता फोन मशीनजवळ धरला
मिनिटभर तरी.
पलीकडे चमचा कपात फिरत होता, तो थांबला.

"पट्टा सैल आहे," त्या म्हणाल्या.

बघितलं तर होता.