डिक्टेशन

"घ्या, क्षेमकल्याणी," मॅडम म्हणाल्या
आणि मी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.
अठ्ठावीस वर्षांची सवय.
या खुर्चीत अठरा न्यायाधीश झाले,
कोणी भरभर बोलायचे, कोणी घसा खाकरत,
एक तर वाक्याच्या मधेच तपकीर ओढायचे.
सगळ्यांची वाक्यं मी पकडली.

अर्ज दीड पानी.
सिन्नरकडच्या एका कांद्याच्या खळ्यावर
हमालीला आलेल्या पोरानं काटापावती मागितली.
"वजन मला दाखवा", एवढंच म्हणाला.
पुढचं दोषारोपपत्रात आहे:
लोखंडी माप, डावा कान,
आणि जातीवरून उच्चारलेला तो शब्द.
मी टाईप करतो तेव्हा त्याचीही अक्षरं
बाकीच्या अक्षरांएवढीच उमटतात.

आरोपीचे वकील अदबीनं बोलत होते.
सन्माननीय न्यायाधीश फिर्यादीच्याच समाजाच्या,
सबब अशिलाच्या मनात रास्त भीती,
सबब आपण होऊन बाजूला व्हावं.

बाहेर सीबीएसवर त्र्यंबकच्या गाडीची घोषणा झाली.
यशोधरा दोंदे मॅडमनी अर्ज वाचला,
चष्मा पुसला, पुन्हा वाचला.
त्यांचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोर्ट फी स्टॅम्पचे ताव मोजायचे.
अर्जाच्या कोपऱ्यातल्या तिकिटावर
त्यांचा अंगठा जरा जास्त वेळ थांबला,
किंवा मलाच तसं वाटलं.

"घ्या. अर्जदाराचं म्हणणं असं की
न्यायाधीशाला जात असली की काटा कलतो.
यापूर्वी या आसनावर बसलेल्यांना
जात नव्हती, असं अर्जदाराला वाटतं काय,
याचा खुलासा अर्जात नाही. पूर्णविराम."

पूर्णविराम खोल गेला. टोक मोडलं.
दुसरी पेन्सिल काढेपर्यंत त्या थांबल्या.

"पुढे. समुद्रापलीकडच्या एका देशात
काळ्या न्यायाधीशांना हेच सांगितलं गेलं:
तुम्ही काळे, काळ्यांचा खटला ऐकू नका.
गोरे तर गोऱ्यांचे खटले ऐकतच होते,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत, आणि सुट्टीनंतरही,
त्यांना कुणी ऊठ म्हटलं नाही.
मी विद्यार्थिनी होते तेव्हा हे वाचलं,
कॉलेज रोडच्या वाचनालयात, उभ्यानं,
कारण..."

त्या गप्प झाल्या.
"हे खोडा, क्षेमकल्याणी.
वर गेलं की म्हणतील, बाई भाषण करतात.
कलम तेवढं ठेवा. अर्ज नामंजूर."

मी खोडलं. एक आडवी रेघ, झालं.
कारण काय, ते मला कळलं नाही.
लघुलिपीत शब्दाला खूण असते,
थांबण्याला नसते.

त्या रात्री अठराही आडनावं आठवली.
मी कुणालाच जात विचारली नव्हती.
विचारावी लागली नव्हती.
त्यातल्या तेरांकडे मला श्रावणात
जेवायला बोलावणं असायचं.
मॅडमना येऊन चौथं वर्ष.
त्यांच्या केबिनमधला चहा
मी रोज "नुकताच झाला" म्हणतो.

सत्याग्रहाच्या साली माझे आजोबा
काळारामाच्या दाराशी होते.
आतल्या बाजूनं.
आमच्या घरात हे आधी ऐटीत सांगत,
मग हळू आवाजात,
मग सांगेनासे झाले.
आणि दोंदे तर नाशिकचेच.
तेव्हा बाहेर उन्हात जे बसले होते
त्यांत यांचं कुणी होतं का?

सकाळी आदेशाची प्रत टेबलावर ठेवली.
सही करताना त्यांनी मान वर केली,
"काही विचारायचंय?"

होतं.
मी म्हणालो, "मॅडम, प्रती किती काढू?"

"चार. एक त्या पोराला.
नुसती हातात देऊ नका, वाचून दाखवा.
तुम्हीच दाखवा.
आणि त्याच्या उजव्या बाजूला बसा,
डाव्या कानानं ऐकू येत नाही त्याला."