कासं दातांनी ऐकायचं

तांबाकाट्याला बापूंनी चाळीस वर्षं हंडे मठारले
आणि उजवा कान तिथेच गहाण टाकला.
डावा थोडा उरला होता, आईशी भांडण्यापुरता.

त्यांचं शास्त्र एवढंच:
ठोके खाऊन तांबं आखडतं.
शंभरावा ठोका पहिल्यासारखा बसत नाही.
तेव्हा जोर वाढवायचा नाही,
भट्टीत लाल होऊ द्यायचं, पाण्यात सोडायचं.
बाहेर येतं ते तान्ह्याच्या कानाच्या पाळीसारखं.
आमच्या घरात सगळं कानाशीच येऊन थांबायचं.

मी रे रोडला, मर्झबान सरांच्या लॅबमध्ये
सळ्या ताणते.
मशीन दोन्ही टोकं धरतं, खेचतं,
काटा चढत जातो,
आणि एका क्षणी सळई कबूल करते
की आता पहिल्या लांबीला परत जाणं नाही.
मग कमरेत बारीक होते,
फाटकन तुटते.
तुटल्या तोंडाला लगेच बोट लावलं
तर ते कोमट असतं.
रिपोर्टात यासाठी रकाना नाही.

एकदा दारूखान्याचा हनीफ घंटा घेऊन आला,
मोडीत काढलेल्या बोटीची, नाव झिजून गेलेलं.
कासं म्हणून घेतलीय, बघा जरा.
बापू त्या दिवशी माझा विसरलेला चष्मा द्यायला आले होते.
कुणी विचारायच्या आत त्यांनी घंटेची कड
दातांत धरली, डोळे मिटले,
बोटाच्या पेराने टिचकी मारली.
आम्ही तिघंही उगाच दुसरीकडे बघू लागलो.

"शिसं आहे," बापू म्हणाले,
"हिच्या तोंडात कुणीतरी बोळा कोंबलाय."
सरांनी मशीन लावलं. शिसं सात टक्के.
हनीफ म्हणाला, चाचा, जरा हळू बोलायचं होतं.
बापूंना ते ऐकू आलं नाही.

फाल्गुनात ते गेले.
आई ज्या वाटीने त्यांचे तळपाय घासायची
ती काशाची वाटी माझ्या टेबलाच्या खणात आहे.
तिच्यावर मी मशीन लावलेलं नाही.
मशीनं बंद झाली, मर्झबान सर कुलूप शोधायला लागले
की कड दातांत धरते, टिचकी मारते.
आवाज जबड्यातून कवटीत चढतो
आणि तिथे बराच वेळ बसून राहतो,
जेवण झाल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

काल हातातून निसटता निसटता राहिली.
पितळेची असती तर पोचा आला असता,
पोच्यासकट जन्मभर वापरली असती.
इतकं वाजणारं कासं पोचत नाही.

सर म्हणाले, चल ना, उशीर होतोय.
मी दोन्ही हातांनी वाटी खणात ठेवत होते.