उलटे आटे

डाव्या चाकाचे बोल्ट उलटे फिरतात.
माहीत होतं, तरी विसरले,
आणि पान्यावर उभी राहिले दोन्ही पायांनी,
बासष्ट किलो, अधिक सकाळची दोन थालीपिठं.
जितका भार दिला तितका बोल्ट घट्ट.
कंपाउंडवरून उपाध्ये म्हणाले,
"मॅडम, टायरवाल्याला बोलवा की."

टायरवाला येऊन गेला होता, गेल्या वर्षी.
पोरानं हवेची बंदूक लावली, दोन बोल्ट मोडले,
वर म्हणाला, "गंजलंय सगळं, आत काय राहिलं न्हाई."
गंजलं नव्हतं.
एवढंच, की त्याला कुणी सांगितलं नव्हतं,
चोपन्न सालच्या प्लायमाऊथला
डावं आणि उजवं वेगळं असतं.

भूपाल मगदूम, हळदीचे अडते, माझे वडील.
हळदीचा भाव पडला की बॉनेट उघडून बसायचे,
चढला की मिटून पेढीवर.
म्हणजे ही गाडी मंदीनं सांभाळली.
सहा व्होल्टची बॅटरी, धन टोक बॉडीला.
"सगळ्या जगाचं ऋण जमिनीला बांधलेलं,"
अण्णा म्हणायचे, "आपलं धन."
आणि हसायचे. अडत्याचं हसू, अर्धं मिशीत.
वीज मंडळात तीस वर्षं बिलं काढूनही
मला तो विनोद उशिराच कळला.

महापुराच्या साली पाणी स्टेअरिंगपर्यंत चढलं.
आम्ही विश्रामबागला, बहिणीकडे, वरच्या मजल्यावर,
गाडी गावभागात, एकटी, हँडब्रेक ओढून.
नवव्या दिवशी दार उघडलं :
सीटवर वीतभर गाळ, गाळात मेलेली मरळ,
बॉनेटवर कुणाचा तरी पोळपाट.
अण्णा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.
त्यांची वही फुगून विटेएवढी.
शाईचं सगळं वाहून गेलेलं, तारखा, रकमा, उधाऱ्या.
पेन्सिलीचं राहिलं :
पॉइंटची फट वीस.
घाट चढताना पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं.
डावीकडचे उलटे.

दस्तगीर मिस्त्री ऐंशीच्या घरातले.
सहाही प्लग काढले, डिझेल ओतलं, चार दिवस मुरवलं,
पट्टा धरून इंजिन फिरवलं
तेव्हा भोकांतून उसळली ती कृष्णा होती, चहाच्या रंगाची.
महिन्यानं ते पेटलं.
लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून, मूठ कानाशी,
"तीन नंबर खोटं बोलतोय," मिस्त्री म्हणाले.
मी कान लावला. नुसती घरघर.
खोटं ओळखू यायला दोन वर्षं लागली.
तोवर ते सांगायला मिस्त्री नव्हते.

ब्रेकचं रबर कुठंच मिळेना.
कुपवाडच्या एका शेडमध्ये शेवंता माळगेनं साच्यातून काढून दिलं,
दुधाच्या कॅनच्या वॉशरांशेजारी.
स्टेअरिंगच्या भेगा मिरजेच्या सतारमेकरांनी बुजवल्या
तंबोऱ्याला लावतात त्याच लाखेनं.
पैसे घेतले नाहीत, एक चक्कर मागितली.
ती द्यायची राहिलीय.

तर, पान्यावरून उतरले.
पाना काढला, पुन्हा बसवला,
आणि मनाविरुद्ध, घड्याळाच्या काट्याबरोबर, दाबला.
बोल्ट कुरकुरला.
मग असा सुटला
जणू कुणी नीट विचारायचीच वाट बघत होता.
उपाध्ये अजून तिथंच. "सुटला की! काय केलंत?"
"घट्ट केला," म्हटलं.

संध्याकाळी फाटकापर्यंत आणि परत, बारा फूट.
ब्रेक लागला. ठोकळ्याच्या अलीकडे.
किती धुतली, किती झटकली,
पण दार आपटलं की आजही
कुठल्याशा सांध्यातून चिमूटभर गाळ सांडतो,
हळदीइतका बारीक.
रंग तेवढा नदीचा.