निळा धागा

टुर्दिस लोकरीचा स्वेटर धूत नाही.
रात्रभर बर्फावर पालथा टाकते,
सकाळी झटकते.
धुराचा वास निम्मा उतरतो, बाकीचा चालतो.

एइनारचं निळं फ्लीस मात्र
दर शनिवारी मशीनमध्ये,
अकरा वर्षं.
बोटीवरनं आला की काढून द्यायचा, उलटंच.
पाणी खाडीत जायचं.
जाईना का, खाडी केवढी!

तो गेल्यावर ते तीच घालते.
कोपरावर विरलंय,
पलीकडचं दिसतं.

काल कॉड चिरताना
आतड्यात केसाएवढं काही निळं.
बोटावर घेतलं,
दिव्याखाली धरलं,
बाहीशी लावून पाहिलं.
पुसून टाकवेना.

बाहीला रक्त लागलं होतं.
शनिवार होता.
ती दाराबाहेर गेली,
मूठभर बर्फ घेतला
आणि तेवढाच डाग चोळत बसली.